फेरफार

माझे वडील तलाठी होते.
कुणाचं रान कुणाकडून कुणाकडे गेलं
ते तिरक्या अक्षरात मांडून ठेवायचे.
मी ग्रिम्झबीत, गोदीमागच्या एका खोलीत
तेच करते.
जमिनीऐवजी गेम, एवढाच फरक.

कॅसेटवर निघालेले, कधीच बंद पडलेले,
टेपमध्ये पाच मिनिटं किंचाळून मग उघडणारे.
चोरीचे हवेत तर आजही मिळतात, बोट टेकवलं की झालं.
आम्ही रीतसर विकतो,
म्हणून आधी मालक शोधायचा.

हा ‘टाइड लॅम्प्स’. साल चौऱ्याऐंशी.
समुद्र चढायच्या आत धक्क्यावरचे
सगळे दिवे लावत पळणारा ठिपक्यांचा एक माणूस.
काढला क्लीथॉर्प्सच्या कंपनीने,
ती विकली गेली लीड्सच्या व्हिडिओवाल्याला,
व्हिडिओवाल्याला गिळलं एका गालिचेवाल्याने
आणि गालिचेवाला बुडाला.
इथे कंपनी बुडाली की उरलंसुरलं राजाचं.
मी राजाच्या वकिलांना लिहिलं.
सात आठवड्यांनी उत्तर:
आमच्या दप्तरी अशी नोंद आढळत नाही.
वडील हसले असते. त्यांचंच वाक्य, इंग्रजी सुटाबुटात.

लिहिणारा नेव्हिल ड्रूरी.
फिश फिंगरच्या कारखान्यात रात्रपाळी,
सुट्टीच्या रात्री हे.
तो वारला दोन हजार नऊला.
बायको अजून त्याच घरात,
माझ्या खोलीपासून तिसऱ्या गल्लीत.
मी मात्र लीड्सपर्यंत जाऊन आले होते.

ॲव्हरिलबाईंनी चहा ओतला, बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.
आत बिस्किटं नव्हती.
करार होता, तेलकट डागांचा.
कलम नऊ: दोन वर्षं विक्री थांबल्यास
सर्व हक्क लेखकाकडे परत.
म्हणजे गालिचेवाल्याने घेतला तेव्हाच
तो त्याच्याकडे नव्हता.
इतकी वर्षं गेम याच डब्यात,
याच घराच्या मालकीचा,
आणि घराला पत्ता नाही.

“मला त्याचा राग यायचा,” बाई म्हणाल्या.
“झोपेतसुद्धा ती टकटक.”
मग, “पैसे किती?”
प्रतीमागे चाळीस पेन्स.
“त्यात हॅडॉकचं शेपूटही यायचं नाही,” म्हणत
त्यांनी सही केली, दोन्ही प्रतींवर, सावकाश,
आणि पेन हातातच ठेवून विचारलं,
“नाव लावणार त्याचं?”

जुन्या पडद्यावर फक्त कंपनीचं नाव होतं.

नाव लावणं.
वडिलांच्या टेबलासमोर लोक
याच दोन शब्दांसाठी दुपारभर बसायचे,
वीतभर तुकड्यासाठी, एका विहिरीच्या चौथ्या हिश्श्यासाठी.
मी म्हटलं, लावू. पहिल्याच पडद्यावर.

डब्याच्या तळाशी पत्रं होती, पोरांची.
पेन्सिलीत, रेघा आखलेल्या कागदावर:
एकोणिसाव्या दिव्याजवळचं दार उघडत नाही.
मी उत्साहाने सांगितलं, आमची मुलं चूक शोधतील,
दुरुस्त करून देतील.
बाईंनी माझ्याकडे
कारखान्यात नव्याने लागलेल्या पोरीकडे बघावं तसं बघितलं.
“चूक कसली?
दारामागे त्याने काही लिहिलंच नव्हतं.
मशीनमध्ये जागा संपली होती.
प्रत्येक पोराला मात्र उत्तर धाडायचा:
तिथवर पोचलास, शाबास.”

गुरुवारी गेम आला. पाच पौंड नव्व्याण्णव.
पहिल्या पडद्यावर नेव्हिल ड्रूरी, पिवळ्या ठिपक्यांत,
‘व्हि’ जरा वाकडा, तो तसाच ठेवला.

शनिवारी विगनहून एकाचा निरोप,
वय बावन्न:
अजूनही उघडत नाही हो.

मी बाईंना फोन लावला.
पलीकडे किटली वाजत होती. ती थांबेस्तोवर
त्या काही बोलल्या नाहीत.
“पत्ता माग त्याचा,” मग म्हणाल्या,
“तिकिटं आहेत माझ्याकडे.”